नाण्याच्या कडेचा कस

बाबा, तुम्ही कसोटीच्या दगडावर घासलेलं ते नाणं काल मी पर्थला घेऊन गेलो, आणि जाताना तुमच्यावर पुन्हा एकदा चिडलो. शेजारच्या म्हातारबुवांना आता इथलं, ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीतलं घर एकट्याने झेपत नाही, म्हणून ते माझ्याबरोबर आपलं नाणं विकायला निघाले होते. विमानात मला एकच धाकधूक होती, त्यांच्यासमोर तुमच्या त्या घासण्याचा विषय निघणार. ती दुपार आठवते? तुम्ही नुकतेच इथे आलेले, गावची सराफी पेढी बंद केलेली तरी कसोटी खिशात. म्हातारबुवा रुमालातून नाणं काढतात. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा जवळपास सरकारी टांकसाळ नव्हती, म्हणून खासगी पेढ्या नाणी पाडायच्या. त्यातलंच हे, त्यांच्या पणजोबांनी इथल्या खाणींवर येताना आणलेलं. मी हे मराठीत सांगेपर्यंत तुम्ही त्याची कड दगडावर ओढलीसुद्धा. सोनं हातात आलं की आधी कस, मग गप्पा. "चांदी आहे रे यात, पण सोनं खरं," तुम्ही म्हणालात. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दगड तुमच्या हातातून काढून घेतला. म्हातारबुवा चहा पिऊन गेले, आणि तुम्ही गेल्यावरही तो विषय आम्ही कधी काढला नाही.

पर्थच्या दुकानदाराने भिंग लावून कड फिरवली आणि थांबला. "फार थोडी उरलीत ही," तो म्हणाला. "आणि याला कुणीतरी घासलंय. हू डिड दिस?"

मी तोंड उघडलं, तोच म्हातारबुवांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मीच, मेट. तरुणपणी अक्कल नव्हती."

त्याने नाणं घेतलं, पण नाक मुरडूनच. बाहेर आल्यावर मी विचारलं, का? "सगळे नुसतं लव्हली म्हणायचे," ते म्हणाले. "आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शंका होती, खोटं तर नसेल? विचारायची भीती वाटायची. युअर डॅड जस्ट चेक्ड. दगडावरची पिवळी रेघ पाहून त्यांनी मान डोलावली. त्या रात्री मी छान झोपलो."

घरी येऊन ड्रॉवरमधून तुमचा दगड काढला. त्यावरची कसाची प्रत्येक रेघ तुम्ही तेलाचं बोट फिरवून पुसायचात. ही पिवळी रेघ तेवढी राहिलीय, कारण दगड माझ्याकडे होता. तुम्ही तो परत मागितला नाहीत. शेवटच्या दिवसांत तुमचा हात सारखा रिकामा खिसा चाचपायचा, ते मला दिसत होतं, बाबा.