भोंग्यावरचं वाचन

५ ऑगस्ट, सोमवार
टेन्शन घ्यायचं नाही! राळेगावच्या डॉक्टरांनी आज पुन्हा तेच सांगितलं. टीबी गेला, गोळ्या संपल्या, फक्त दम पुरत नाही, त्याला वेळ लागेल. किती, ते कोणी सांगत नाही. दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याला धाप लागते. आणि म्हणे टेन्शन घेऊ नका.

८ ऑगस्ट
पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाल्यापासून विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. इतकी वर्षं ते माझ्याकडे होतं. यंदा आमची सून उर्वशी वाचते. मला घरी ऐकू यावं म्हणून ह्यांनी भोंग्याचं तोंड आमच्या घराकडे फिरवून दिलंय. उपकारच केले! खाटेवर पडून ऐकते आणि दातओठ खाते. ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. एसटी सुटत असल्यासारखी वाचते.

११ ऑगस्ट, रविवार
आज बोललेच. म्हटलं, अगं, तिथे दुःखाचा प्रसंग आहे, जरा थांबत जा. हो आई, एवढंच म्हणाली. संध्याकाळी पुन्हा तेच — उलट जास्तच! उशी भिंतीवर फेकली. तीही भिंतीपर्यंत पोचली नाही.

१२ ऑगस्ट
मन शांत करायला मुलाने, धम्मदीपने, मोबाईलवर काहीतरी लावून दिलंय. त्यातली बाई सारखी सांगते, दीर्घ श्वास घ्या. श्वास असता तर तुझं कशाला ऐकत बसले असते!

१४ ऑगस्ट
शेजारची मानीबाई आली. म्हणाली, वाचलेलं अर्धं डोक्यावरून जातं, "तू कवा येतं वं जया?"
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — उर्वशीला जमत नाही, याचंच बरं वाटलं. मग भीती वाटायला लागली. मलाही पुन्हा कधी जमलं नाही तर? वाचन गेलं तर या वस्तीत मी कोण?

१६ ऑगस्ट
गेले. कोणाचं ऐकलं नाही. माईकपुढे बसले आणि अर्ध्या पानावर दम गेला. साऱ्या वस्तीने भोंग्यावरून माझी धाप ऐकली. उर्वशीने पाणी दिलं, ग्रंथ आपल्याकडे ओढला आणि पुढे धाडधाड सुरू. घरी येऊन रडले. राग कोणाचा, तेही कळेना.

१८ ऑगस्ट, रविवार
दुपारी उर्वशी आतल्या खोलीत नातीला झोपवत होती — घरातला ग्रंथ वाचून. सावकाश. विरामाला थांबत, दुःखाच्या जागी आवाज खाली आणत. मी दाराशी उभी राहून ऐकलं. मग विचारलं, विहारात काय होतं गं तुला?
तिने नातीच्या अंगावर पांघरूण ओढलं. मग म्हणाली, "तिथं असं वाचलं असतं, तर बाया म्हनल्या असत्या, आता सूनच वाचू दे. ते मले नोको होतं, आई."
माझ्यासाठी आजवर कोणी इतकं वाईट वाचलं नव्हतं. उद्यापासून नीट वाच म्हटलं. मी समोर बसणार आहे.