काकूच्या पोटात काही आहे का?

३ जून
जमलं एकदाचं! काकू आणि ढोल्या सकाळपासून एकत्र. काकूची मागची बाजू गेले काही दिवस सुजलेली आणि ढोल्या जाळीला नाक लावून बसलेला. तपकिरी अस्वलांचं लग्न उन्हाळ्यातच लागतं. नवरदेव मात्र तेवढ्यापुरता – पिलं दिसली की मारून टाकतो. म्हणून संध्याकाळी दोन गुहांमधलं लोखंडी दार मी परत खाली पाडलं.

१२ ऑगस्ट
डॉक्टरीणबाईंनी काकूची सोनोग्राफी केली. मी मधाची बाटली दाखवून तिला जाळीशी उभं ठेवलं. पोटात काहीच दिसलं नाही. प्राणिसंग्रहालयाचे साहेब म्हणाले, रिकामी आहे, विषय संपला.
नंतर डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर काढून दाखवलं. गर्भाशय गलोलीच्या बेचक्यासारखं, दोन फाट्यांचं. गर्भ टाचणीच्या डोक्याएवढा, आत नुसता तरंगत राहतो. थंडी येईपर्यंत रुजतच नाही. अंगावर चरबी साठली तर रुजतो, नाहीतर विरून जातो. घरी सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "शहाणी आहे हो तुझी काकू."

२६ ऑक्टोबर
काकू पिंप झाली आहे. मला मात्र घास उतरत नाही.

१९ नोव्हेंबर
काकूने खाणं सोडलं. तोंडाने गवत ओढत नेलं आणि गुहेत गडप. मध दाखवून हाका मारल्या, घसा बसला, ती ढुंकूनही बघत नाही. म्हणजे आता सोनोग्राफीही नाही.
डॉक्टरीणबाई म्हणतात, पोट रिकामं असलं तरी मादी अशीच वागते, तिच्या शरीरालाच फरक कळत नाही. मग आम्हाला काय कळणार, कपाळ!

८ जानेवारी
वादळात ढोल्याच्या गुहेचं छप्पर गेलं. फळी पाठीवर पडली, जखम झाली, वरून गारठवणारा पाऊस. साहेब म्हणाले, मधलं दार उघडा, त्याला काकूच्या गुहेत येऊ द्या. मी नको म्हटलं, अक्षरशः हात जोडले.
"यंत्राला दिसलं नाही ते बाई, तुम्हाला दिसलं?"
डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पिलं नसण्याचीच शक्यता जास्त. ढोल्या भिजून चिंब, कण्हत होता. तोही माझाच ना!
मी दार उचललं.

१० जानेवारी
काही झालं नाही. दोघंही गाढ झोपलेत, ती कोपऱ्यात, तो अलीकडे. नवरा म्हणतो, उगाच जीव टांगणीला लावून घेतेस. खरंच, भित्री भागूबाई आहे मी. आज पोटभर जेवले.

१२ जानेवारी
सकाळी भिंतीला कान लावला. आत बारीक कुईकुई – दोन आवाज. पिलं!
ढोल्या उंबऱ्यावरच आडवा आहे, दार खाली येत नाही. डॉक्टरीणबाई भुलीचं इंजेक्शन घेऊन निघाल्यात. तोवर आत जायचं नाही, ओरडायचं नाही, तो बिथरेल म्हणाल्या. भिंतीशी बसलेय. दुसरं काही करता येत नाही, म्हणून लिहितेय.
ढोल्या उठला.
मघापासून एकच आवाज येतोय.