पडेगावच्या प्लॉटचा तिसरा हिस्सा

औरंगाबाद,
१८ एप्रिल १९९६

तीर्थरूप अण्णा,
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. उन्हाळा यंदा लवकरच तापला, वॉर्डातले पंखे नुसता गरम वारा फिरवतात. तुमचं बी.पी. आटोक्यात असल्याचं लक्ष्मणदादानं कळवलं, बरं वाटलं. लोणचं बंद करा हे मी सांगून तुम्ही ऐकणार नाही, म्हणून ते वहिनीनं सांगितलं असं समजा.

तीन वर्षं तुम्ही माझ्या पत्राला उत्तर दिलेलं नाही. मीही दिवाळी-संक्रांतीच्या चार ओळींपलीकडं गेले नाही. आज मात्र सगळं लिहायचं ठरवून बसले आहे.

पडेगावची इमारत पूर्ण भरली आहे, अण्णा. सगळ्याच्या सगळ्या खोल्या. गेल्या जूनपासून एकही रिकामी नाही, आणि आता जागा मागायला येणाऱ्या मुलींना नाही म्हणावं लागतं. नर्सेस आहेत, एक टेलिफोन ऑपरेटर आहे, दोघी बी.एड. करतात. संध्याकाळी गच्चीवर कपडे वाळत असतात आणि खालपर्यंत हसण्याचे आवाज येतात. बँकेचा एकही हप्ता चुकलेला नाही.

तुम्ही ताटावरून उठलात तो दिवस मी विसरलेले नाही. प्लॉटचे कागद बँकेत ठेवून आले असं मी म्हटलं आणि तुम्ही हात धुतलात. 'लग्न केलं नाहीस, म्हातारपणी डोक्यावर छप्पर असावं म्हणून ती जागा तुझ्या नावावर केली. तीच गहाण टाकलीस?' एवढंच बोललात. मला राग आला नव्हता. पोलीस ॲक्शननंतर तुम्ही तहसिलीत लागलात, वसुलीच्या कामावर गावोगाव फिरलात. कुर्कीच्या, म्हणजे जप्तीच्या वेळी लोकांच्या घरातली घागर, जातं, पाळणासुद्धा ओट्यावर येताना तुम्ही पाहिलात. ज्यानं ते पाहिलं त्याला कर्ज या शब्दाचा धाक वाटणारच. पण तुम्ही उठलात तेव्हा मला जे सांगायचं होतं ते राहून गेलं. ते आता सांगते.

आधी मी बँकेत गेलेच नव्हते. औरंगपुऱ्यात बद्रीनाथ नावाचे एक बिल्डर आहेत, त्यांच्या ऑफिसात गेले होते. 'ताई, जागा तुमची, बांधकाम माझं, निम्मं निम्मं,' म्हणाले. चहा पाजला. मग कागद पुढं केला, त्यात पहिल्याच पानावर मुखत्यारनामा, म्हणजे माझ्या वतीनं सगळ्या सह्या तेच करणार. मी विचारलं, हा कशासाठी? तर हसून म्हणाले, 'सिस्टर, तुम्ही पेशंट बघा. हे हिशोब आम्ही बघतो.'

कागद पर्समध्ये घातला आणि वाचून सांगते म्हणून उठले. जिना उतरताना कान तापले होते. वाचून तरी मला काय कळणार होतं?

त्याच सुमारास आमच्या वॉर्डात नानासाहेब म्हणून एक गृहस्थ मांडीचं हाड मोडून दाखल झाले. उभा जन्म बँकेच्या कर्ज खात्यात काढून निवृत्त झालेले. पाय वजन लावून टांगलेला, त्यामुळं माझ्या प्रश्नांपासून पळून जायची सोय नव्हती. दुपारी भेटीच्या वेळी त्यांच्याकडं फारसं कोणी येत नसे. मग मीच स्टूल ओढून बसायची.

'सिस्टर,' त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, 'इमारतीत पैसा दोन प्रकारे येतो. कर्ज म्हणून, नाहीतर भांडवल म्हणून. कर्ज देणारा हा पाहुणा. ठरल्या तारखेला जेवायला येणार. घरात पीठ असो नसो, त्याचं ताट वाढलंच पाहिजे. पण जेवला की जातो, घर तुमचंच राहतं. भांडवल घालणारा भागीदार घरात राहायलाच येतो. पीठ नसेल तर तोही उपाशी झोपतो. पण पुरणपोळी झाली तर त्याची त्याला द्यावी लागते, आणि उद्या काय रांधायचं हेही तो विचारणार.'

'मग दोघांत चांगला कोण?'

'दोघंही चांगले. पाहुणे किती बोलवायचे ते डब्यातलं पीठ बघून ठरवा, म्हणजे झालं.'

बद्रीनाथांचा कागद त्यांना दाखवला. पडल्या पडल्या वाचला आणि मुखत्यारनाम्यावर बोट ठेवलं. 'इथं सगळ्यात मोठं भांडवल कोणाचं? जागा तुमची, म्हणजे तुमचं. आणि मुखत्यार कोण? तो. उद्या तुमच्याच जागेवर तो कर्ज काढेल आणि पाहुण्याला तुम्ही वाढत बसाल.'

अण्णा, वीस वर्षं मी माणसांच्या छातीचे ठोके मोजले, पण माझ्याच जमिनीला भांडवल म्हणतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

कर्ज किती घ्यायचं याची रीतही त्यांनीच घालून दिली. निम्म्या खोल्या रिकाम्या आहेत असं धरायचं. तरीही भाडं आणि माझा पगार मिळून हप्ता निघतो का? निघेल तेवढंच कर्ज. त्याच्यावर एक पैसा नाही. म्हणून मी बँक देत होती त्याहून कमी घेतलं. तुम्हाला वाटलं मी जागा उधळली. मी ती मोजून ठेवली होती.

कमी कर्ज घेतलं म्हणून स्लॅबच्या पुढच्या कामाला पैसा अपुरा पडणार होता. शहागंजातला एक सावकार द्यायला तयार होता, पण तो म्हणजे दुसरा पाहुणा, आणि पहिल्यापेक्षा जास्त जेवणारा. मग मी भागीदार शोधले. रीतसर भागीदारीपत्र केलं. सोळा आण्यांतले दहा आणे माझे. तीन आणे आवडाबाईंचे. त्या पडेगावच्याच, आपल्या प्लॉटच्या शेजारी त्यांचं शेत. रस्त्यात जमीन गेली त्याची भरपाई हातात आली होती आणि मुलाला त्यात जीप हवी होती. उरलेले तीन आणे तिसऱ्या भागीदाराचे. त्याबद्दल पुढं लिहिते.

गेल्या वर्षी जानेवारीत इमारत उघडली आणि खरोखरच निम्म्याहून जास्त खोल्या रिकाम्या राहिल्या. मी पगारातून हप्ते भरत होते. भाजीसुद्धा भाव बघून घेत होते. एका रविवारी आवडाबाईंचा मुलगा पुंजाराम आला आणि मुलींसमोर, भर अंगणात ओरडायला लागला.

'ताई, आमचा पैसा काढून द्या. खोल्यांत कुत्रं फिरंना, अन् आमचा पैसा तिथं कुजायलाय!'

तेवढ्यात मागून आवडाबाई आल्या. डोक्यावर गवताचा भारा तसाच.

'पुंज्या, गप ऱ्हा. म्या काय उसनं दिलंय व्हय? उसनं दिलं असतं तर मागितलं असतं. म्या हिस्सा घेतलाय. ज्या खोल्या रिकाम्या हायेत ना, त्यातबी माझा हिस्सा हाय.' मग भारा खाली टाकून माझ्याकडं वळल्या. 'अन् ताई, तुमी भाडं उतरवायचं म्हनत व्हता, ते उतरवू नगा. भाडं लई नाय. पोरींना ड्युटी सुटल्यावर छावनीपासून इकडं यायला वाहन मिळंना, म्हनून येईनात. माझ्या भाच्याची रिक्षा हाय. बन्सीला लावून टाका.'

बन्सीची रिक्षा ठरवली. सकाळी नेणार, संध्याकाळी आणणार, पैसे भाड्यातूनच. जूनपर्यंत शेवटची खोली गेली. बँक ही गोष्ट मला कधी सांगायला आली नसती, अण्णा. भागीदार घरात राहतो म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. पुंजाराम हल्ली गच्चीवरची टाकी भरली का ते बघायला स्वतः येतो.

गेल्या महिन्यात बद्रीनाथ स्वतः इमारत बघायला आले. जिने, संडास, मीटरची खोली, सगळं फिरून पाहिलं. 'ताई, हर्सूलला एक जागा बघितली आहे. तुम्ही आणि मी मिळून करू या का?'

'मुखत्यारनामा कोणाच्या नावानं?' मी विचारलं.

'छे हो, तो कशाला आता!' म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. विचार करून सांगते म्हटलं. यावेळी खरोखर विचारच करते आहे.

आता तिसऱ्या भागीदाराचं. लिहायचं टाळत इथवर आले, पण आता टाळून चालणार नाही.

तुम्ही ताटावरून उठलात त्यानंतर दोन महिन्यांनी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडं आली होती. डोळ्याची पट्टी सुटल्यावर म्हणाली, मला तुझी जागा दाखव. तिथं तेव्हा नुसते खांब उभे होते. खांबांमधून फिरली. मग विचारलं, पैसे कमी पडतात ना? मी कबूल केलं. मामांनी माहेरच्या शेताचा वाटा म्हणून तिला दिलेले पैसे पोस्टात होते, त्यांची मुदत त्याच महिन्यात संपत होती. मी म्हटलं, 'आई, तुझे पैसे मी उसने घेणार नाही. अण्णांना काय वाटेल?'

'तुझ्या अण्णांना कर्ज आवडत नाही ना?' आई म्हणाली. 'मग मी कर्ज देतच नाही. मला हिस्सा दे.'

तिनं हा शब्द कुठून आणला असेल? मीच रोज रात्री जेवताना नानासाहेबांचं सांगत होते, आणि मला वाटायचं, ती पट्टी बांधून नुसती बसली आहे.

'आणि बुडालं तर?'

'बुडालं तर माझंही बुडेल. पण तू एकटी बुडणार नाहीस.'

भागीदारीपत्रावर 'भानुमती' अशी ठळक सही आहे. पेन टेकवायच्या आधी तिनं सगळी कलमं मला मोठ्यानं वाचायला लावली. तुम्हाला कळवू का विचारलं, तर म्हणाली, 'त्यांनी विचारलं तर खरं सांगीन. पण आधी सांगून त्यांची झोप घालवायची नाही. पहिला वाटा हातात येऊ दे, मग तूच लिही.' तुम्ही विचारलं नाहीत. पैसे पोस्टातच आहेत असं तुम्ही धरून चाललात.

पहिला वाटा आला आहे. मार्चअखेरचा हिशोब झाला, हप्ते आणि दुरुस्ती वजा जाता उरलं ते हिश्श्याप्रमाणं वाटलं. सोबतचा चेक आईच्या नावचा आहे, तो तिच्या हातात द्यावा.

एक मेला सुट्टी आहे. त्या दिवशी पडेगावला भागीदारांची बैठक ठेवली आहे. वर आणखी एक मजला चढवायचा का, आणि चढवायचा तर कर्ज किती, भांडवल किती, हे ठरवायचं आहे. आईच्या संमतीशिवाय ते ठरणार नाही. तिला परभणीहून एकटीला एस.टी.त बसवून देऊ नका.

तुमच्याशी बोलायला आतुर असलेली,
अंबिका

*

परभणी,
२४ एप्रिल १९९६

चि. अंबिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. दोनदा वाचले. दुसऱ्यांदा तुझ्या आईसमोर वाचले. ती तांदूळ निवडत होती. मी विचारले, 'हे खरे आहे काय?' तिने मान वर न करता सांगितले, 'खरे आहे. वाचून झाले असेल तर चेक इकडे द्या.'

दिला.

नंतर मी तिला कर्ज आणि भांडवल यांतला फरक विचारला. तिने तो मला सांगितला, पाहुण्यासकट. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी वसुलीच तेवढी पाहिली. पैसा असाही दिला जातो, देणारा शेजारी येऊन उभा राहतो, हे माझ्यासमोर कधी आले नाही. तू ताटावर बसून सांगू पाहत होतीस ते मी ऐकून घ्यायला हवे होते.

वरच्या मजल्याबाबत तुझ्या आईचे मत आहे की कर्ज निम्म्याच्या आत असावे आणि जिना रुंद करावा. बाकी ती समक्ष बोलेल. माझे मत कोणी विचारलेले नाही, पण जिन्याबाबत मी तिच्याशी सहमत आहे.

तीस तारखेच्या दुपारच्या गाडीची दोन तिकिटे लक्ष्मणने आणली आहेत. बैठक चालू असताना मी बाहेर अंगणात बसेन, कारण मला हिस्सा नाही. आवडाबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या मुलाला टाकी कशी भरतात ते मला दाखवायला सांग. रात्रीचे जेवण तुझ्याकडे. मी ताटावर शेवटपर्यंत बसेन.

तुझा बाप आणि तुझ्या भागीदाराचा नवरा,
अनंतराव