वाहन बंद, रंग मूळ नाही

प्रति,
मा. वाहन नोंदणी अधिकारी,
जिल्हा वाहन कार्यालय.

विषय : दिवंगत पतीच्या जुन्या मोटारगाडीची दुसऱ्या तपासनीसाकडून फेरतपासणी होणेबाबत.
संदर्भ : ‘नापास. वाहन बंद, रंग मूळ नाही’ हा आपल्या कार्यालयाचा शेरा.

महोदय,

१. माझे पती घरामागच्या शेडमध्ये एक जुनी मोटारगाडी पुन्हा उभी करीत होते. इंजिन सुटे करून झाले, बॉनेट स्वतः घासून रंगवून झाले आणि ते आजारी पडले. त्यातच त्यांचे निधन झाले. सासऱ्यांनी शेडला कुलूप घातले व त्या दिशेला बघणेही सोडले. पुढे एक दिवस तेच नटबोल्टांचा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, “सूनबाई, हे कुठे बसतं, तुला काही बोलला होता का गं?” तेव्हापासून आम्ही दोघांनी मिळून गाडी जोडली. ती चालते.

२. नोंदणी पतीच्या नावे असून तिची मुदत संपली आहे. खिडकीवरील लिपिकांनी मालकाची समक्ष सही मागितली. मृत्यूचा दाखला दाखवला असता, “तो जोडा, पण सही लागेलच,” असे उत्तर मिळाले. ही सही कुठून आणावी, याचे मार्गदर्शन व्हावे.

३. नोंदणी नसल्याने गाडी चालवत आणू नये, असे त्यांनीच बजावले. म्हणून भर उन्हात सासरे स्टिअरिंगवर आणि मी मागून ढकलत, अशी ती आपल्या आवारात आणली. तपासनीस म्हणाले, ढकलत आणली म्हणजे बंद आहे. सुरू करून दाखवते म्हटले, तर विनानोंदणी वाहन आवारात सुरू करण्यास मनाई असल्याचे कळले.

४. पुढचे लिहिताना किळस येते, तरी लिहिते. तपासनीस जेवत होते. तेलकट बोटे त्यांनी बॉनेटला पुसली, त्यावरच डबा ठेवला आणि रंग मूळ आहे का हे पाहण्यासाठी किल्लीने वीतभर ओरखडा काढला. सासरे एवढेच म्हणाले, “साहेब, ते माझ्या मुलाने रंगवलंय.” त्यावर उत्तर आले, “मग सांगा त्याला, पुन्हा रंगव म्हणावं.” खिडकीतले लिपिक हसले. दाखला तेव्हा त्यांच्याच टेबलावर होता.

सबब, फेरतपासणी दुसऱ्या, हात धुतलेल्या तपासनीसाकडून व्हावी.

एक बाब आपणहून कळवते. काल सकाळी सासऱ्यांनी गाडी बाहेर काढली आणि तलावापर्यंत स्वतः चालवत नेऊन आणली. विनानोंदणी. परतल्यावर ते कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले. कारवाई अवश्य करावी. उद्या ते पुन्हा निघणार आहेत. शेजारच्या सीटवर मी असेन.

जमेल तेवढी नम्र,
(सही)
अर्जदार, गाडीमालकाची पत्नी
दि. १४ मार्च

सोबत : मृत्यूचा दाखला (तिसऱ्यांदा).