सालूतेला माझी मेणबत्ती

१७ नोव्हेंबर
मानेतली गाठ आहे तेवढीच आहे. किंवा किंचित मोठी. आरसा खराब आहे. घाबरलेलो नाही. नेरीनाला सांगितलेलं नाही; बायकोच्या जिवाला उगाच घोर कशाला?
संकल्प : एकवीसला सालूतेचा, म्हणजे आरोग्य देणाऱ्या मारियामाईचा सण, तिच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायची. बावीसला डॉक्टर. आधी देव, मग डॉक्टर. पद्धत म्हणजे पद्धत.

१९ नोव्हेंबर
गाठीला हात लावायचा नाही असं ठरवलं. सकाळपासून लावतोय.
चारशे वर्षांपूर्वी अख्खं व्हेनिस प्लेगने मरत होतं. उरले त्यांनी सालूतेचं हे चर्च बांधलं. मी त्या उरलेल्यांच्या घराण्यातला. एका गाठीला भिणार? हॅट्!

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
सणापुरता कालव्यावर टाकलेला पूल हलत होता. माझे पाय नव्हे, पूल. नेरीना म्हणाली, अहो, कठडा सोडा, मागे लोक खोळंबलेत.
आत वेदीवर प्लेग म्हणून कोरलेली संगमरवरी म्हातारी, देवदूत तिला हाकलतोय. लहानपणापासून बघतोय. पण ती पळत पळत माझ्याच दिशेने येते, हे आज कळलं.
सगळ्यांत जाड मेणबत्ती घेतली. सेवेकऱ्याने पेटवली, खोचली आणि माझ्या डोळ्यांदेखत फुंकून खोक्यात टाकली! गर्दीत जागा करायला सगळ्यांच्याच विझवतात, जन्मभर बघतोय. पण आज माझी! परत रांगेत. दुसरीही गेली. मग म्हटलं, माझी जरा राहू द्या हो. तो म्हणाला, काका, मारियामाई आंधळी नाहीये, बघितली तिने. मागची बाई कडाडली, ह्यांना एकट्यालाच जगायचंय वाटतं!
हो. पण हे फक्त इथे लिहितोय.

२२ नोव्हेंबर
डॉक्टर कॅन्सल. विझलेल्या मेणबत्तीवर जाणं बरं नव्हे. शिवाय वारा आहे.

२४ नोव्हेंबर, सकाळ
गाठ गेली! पूर्ण गेली! मारियामाई नवसाला पावली!

२४ नोव्हेंबर, जरा वेळाने
उजवीकडे चाचपत होतो. ती डावीकडे आहे.

२५ नोव्हेंबर
नेरीनाने कोट पुढे केला, म्हणाली, चला दवाखान्यात. कशाला, म्हटलं. तिने माझी बटणं लावायला घेतली.
डॉक्टरांनी मान दाबून विचारलं, कधीपासून आहे? कालपासून, मी म्हणालो.
ऑगस्टपासून, नेरीना म्हणाली.
डॉक्टर लिहायचे थांबले. मी नेरीनाचा हात घट्ट धरला. तिला धीर हवा होता.