दिवाळीतला रिकामा फ्लॅट

मनाली, २० जुलै

ती. नीरजामावशीस,
राजसचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मी नुसतं हो-हो करतो म्हणून तू पत्रं लिहायला लावतेस. पण दहावी दोनदा नापास झालेल्याला एवढी शिक्षा बरी नव्हे. हॉटेलातली पोरं विचारतात, कुणाला प्रेमपत्र चाललंय. मावशीला म्हटलं तर एकाचाही विश्वास बसत नाही.

तुझ्या दारासमोरच्या आपल्या दुसऱ्या फ्लॅटचं मात्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. लग्नसराईत वऱ्हाडी उतरायला यायचे, आता मुहूर्त संपले तर कुणी फिरकत नाही, हे समजलं. पण दिवाळीपर्यंत चालला नाही तर विकून टाकायचा, असं तुझा लेक, आपला अर्णवदादा, कॅनडात बसून ठरवतो म्हणजे काय? आठवीपासून मी तिथं वाढलो. तिथल्याच खिडकीत बसून दोन्ही वेळा नापास झालो. असल्या जागा कुणी विकतं होय?

तू घाबरू नकोस. पावसात दरडी पडल्या की आमच्याकडेही शुकशुकाटच असतो. मग मालक दरात सूट लावतात आणि अंगणात शेकोटी पेटवून तिचा फोटो टाकतात. शेकोटी दिसली की माणूस विरघळतो. तूही करून बघ.

लोभ असू दे, हंगाम नसला तरी.
तुझा, राजस

पुणे, ५ ऑगस्ट

चि. राजस यास अ. उ. आ.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे गच्चीवर शेकोटी केली. कोथरूडच्या पावसात लाकडं पेटली नाहीत, धूर मात्र पौड रोडपर्यंत गेला असेल. आपले सेक्रेटरी दीनानाथ बादली घेऊन धावत वर आले. विझवून झाल्यावर त्यांनी विचारलं, काही नुकसान झालं का. मी म्हटलं, माझ्या भाच्याची अक्कल जळाली. ती आधीच कमी होती, असं म्हणून त्यांनी सांत्वन केलं.

सूटही लावली. ती बघून एक मुलगा आला. इथून हिंजवडीला सकाळी किती वेळ लागतो, असं त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. तो बॅग न उघडताच गेला.

बाकी ठीक. वरच्या मजल्यावरच्या अपूर्वाला मुलगी झाली. बारशासाठी सासरची मंडळी आधीच येऊन बसली आहेत. तिचे आईवडील सांगलीहून यायचेत, पण वडील मुलीच्या घरी मुक्काम करत नाहीत आणि हॉटेलात उतरले तर जावयाचा अपमान. पोर रडकुंडीला आली आहे.

स्वेटर घालत जा. इथून आशीर्वाद पाठवता येतो, ऊब येत नाही.
मावशी

मनाली, १७ ऑगस्ट

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

हिंजवडीचं खरं कशाला सांगायचं? आमचे मालक दरड कोसळली तरी रस्ता छान आहे म्हणतात.

अपूर्वाताईच्या आईवडिलांना फ्लॅट देऊन टाक. नाहीतरी रिकामाच आहे. पैसे घेऊ नकोस, पुण्य तरी लागेल. अर्णवदादाला पुण्याचा हिशेब कळला तर बघू.

मला इथं करमेनासं झालंय. गोव्यात ओळख आहे, तिकडं सटकावं म्हणतो. रागावलीस तर पत्रातच रागाव.
राजस

पुणे, २३ सप्टेंबर

चि. राजस यास अ. उ. आ.

पुण्य काही लागलं नाही, कारण अपूर्वाच्या वडिलांनी ते घेऊ दिलं नाही. फुकट म्हटल्यावर गृहस्थ पिशवी हातात धरून दारातच उभे राहिले. शेजारणीचे उपकार म्हणजे शेवटी मुलीच्याच डोक्यावरचे, असं त्यांचं म्हणणं. भाडं ठरवून आगाऊ हातात ठेवलं, तेव्हाच चपला काढल्या. आणि मग काय रुबाब! संध्याकाळी जावयाला आणि व्याह्यांना चहाला बोलावलं, यजमान म्हणून. कप माझे, साखर माझी, मान त्यांचा.

अपूर्वा बाळाला घेऊन खाली यायची आणि आईजवळ दुपारभर झोपायची. परवा म्हणाली, आपलं माहेर एक जिना खाली आलं.

ही बातमी मंडईच्या भाजीसारखी सोसायट्यांतून फिरली. घरोघरी बारशी, डोहाळजेवणं, आणि दोन खोल्यांत दोन्हीकडचे व्याही. पितृपक्षापर्यंत फ्लॅट भरलेला आहे. सूट काढून टाकली.

दिवाळीसाठी अपूर्वाच्या वडिलांनी पुन्हा विचारलं होतं. मी नाही म्हटलं.

गोव्याबद्दल पत्रात रागावून कागद वाया घालवत नाही.
मावशी

मनाली, ५ ऑक्टोबर

मावशी,

नमस्कार मागाहून. आधी सांग, तुला काय झालंय? चालून आलेलं गिऱ्हाईक, तेही आगाऊ पैसे देणारं, तू दारातून परत पाठवलंस? अर्णवदादानं दिवाळीपर्यंतचीच मुदत दिली आहे ना? ऐन दिवाळीत फ्लॅटला कुलूप दिसलं, तर तो तिथल्या तिथं विकायला काढेल. मग तुझी ती सगळी बारशी काय कामाची?

मी दिवाळीत येत नाही, ते फ्लॅट अडू नये म्हणूनच. तीन वर्षं आलो नाही, आणखी एक. माझी खोली पाहुण्यांना उपयोगी पडली तर बरंच आहे. मी म्हणजे फिरता माणूस, कुठंही आडवा होतो.

तेव्हा हट्ट सोड आणि सांगलीला आजच्या आज कळव.
तुझ्यावर चिडलेला, तरी तुझाच, राजस

पुणे, १६ ऑक्टोबर

चि. राजस यास अ. उ. आ.

नमस्कार मागाहून आला नाही. बहुधा दरडीत अडकला असावा.

अर्णवचा फोन आला होता. जानेवारीत त्याचे सासूसासरे पुण्यात येणार आहेत. माझ्या घरी राहायला सासऱ्यांना संकोच वाटतो आणि हॉटेलात उतरले तर सूनबाई रुसते. समोरचा फ्लॅट मिळेल का, असं विचारत होता. मी म्हटलं, विकायचा होता ना? त्यावर त्यानं आधी कॅनडातलं हवामान सांगितलं. मग म्हणाला, राहू दे. भाडं आगाऊ घेईन म्हटलंय.

पण हे आत्ता ठरलं. सांगलीला नाही म्हटलं, तेव्हा विक्री डोक्यावर होतीच. तरी तुझ्या त्या दरडीवाल्या मालकांना हे सांग: काही दिवस फ्लॅट रिकामा असतो तो गिऱ्हाईक नसतं म्हणून, आणि काही दिवस तो रिकामा ठेवावा लागतो. तीन दिवाळ्या मी तो असाच ठेवला, आणि भाऊबिजेनंतर चादरी न वापरताच घडी करून ठेवल्या. ही चौथी. विकला गेला असता, तर निदान शेवटची.

दीनानाथांना तू येणार म्हणून सांगितलंय. त्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं.

तुझ्याकडून भाडं आगाऊ घेणार नाही. चकल्या तळायला बसायचं, म्हणजे फिटलं. खिडकी पुसून ठेवली आहे.

लोभ या पत्रात मावत नाही, तो येऊन घेऊन जावा.
मावशी