नोंदवहीतला ओला दगड

३ मार्च, सोमवार

...आणि तरीही मी रजिस्टरमध्ये ‘ओला’ असंच लिहिलं. पेन अडखळलंसुद्धा नाही.

झालं असं. शुक्रवारी साठ दिवस भरले म्हणून प्रेशरच्या भांड्यातून एक कोअर काढला. कोअर म्हणजे मुठीत मावेल असा वालुकाश्माचा गोल तुकडा. आत मीठपाणी आणि कार्बन डायऑक्साइड. गॅस विरघळून पाणी आंबट होतं, आणि वाळूचे कण धरून ठेवणारा चुना ते हळूहळू खातं. नियम एकच — बाहेर काढला की ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि तासाभरात मशीनखाली फोडायचा. वाळलेला दगड उगाच जास्त दम धरतो.

तेवढ्यात मॅचला प्लेअर कमी पडतोय म्हणून फोन आला. पाच मिनिटं म्हणून गेलो तो थेट आज उगवलो. कोअर खिडकीत ठणठणीत कोरडा.

फोडला. अठ्ठावन्न मेगापास्कल दाब झेलला. गॅस न लागलेला ओला दगड साठला फुटतो. म्हणजे गॅसने काहीच बिघडलं नाही! सर जाम खूश.

४ मार्च

त्याच भांड्यात दुसरा कोअर आहे, नव्वद दिवसांसाठी ठेवलेला. तो नीट फोडीन. मग सांगीन.

७ मार्च

आज मीटिंग. ताई — लॅबमधली सीनियर, पीएचडीचं पाचवं वर्ष. मी सारखा धावतो म्हणून मला ‘इंजिन’ म्हणते. साधा पाना धरायलाही तिनेच शिकवलं. तिचा कोअर चव्वेचाळीसला फुटला होता. अख्खा थीसिस त्यावरच उभा — जमिनीखाली जिथे हा गॅस साठवणार, तिथला दगड कच्चा पडतो.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, “याचा अठ्ठावन्न, तुझा चव्वेचाळीस. मी सही कशावर करू? परत कर सगळं.”

जिन्यात तिने मला थांबवलं.
“इंजिन, ओला होता ना रे?”
“हो ताई.”
“मग माझंच काहीतरी गंडलंय.”

तिने परत विचारलं असतं तर सांगितलं असतं. बहुतेक.

१२ मार्च

ताई तिसऱ्यांदा मशीनचं कॅलिब्रेशन तपासत बसलीये. मी तिला चहा नेऊन दिला. बस, एवढंच जमलं मला.

१८ मार्च

ताईचं टेबल रिकामं. सर म्हणाले, “नोकरी धरली तिने. सिमेंट कंपनीत, ठोकळे फोडायला. अजून एक वर्ष म्हणून घरी कुठल्या तोंडाने सांगू, म्हणत होती.”

दिवसभर जागचा हललो नाही. मी! कोणी विचारलंही नाही काय झालं म्हणून.

१९ मार्च

दुसरा कोअर मुदतीआधीच काढला. माझी नव्वद दिवसांची सीरिज गेली, जाऊ दे. ओल्या फडक्यात गुंडाळला, वीस मिनिटांत फोडला.

त्रेचाळीस.

ताई बरोबर होती. तसाच सरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं — मॅच, खिडकी, रजिस्टर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “उद्या ये.”

२० मार्च

ओरडलेच नाहीत. उलट म्हणाले, “खरं सांगायला हिंमत लागते.” मग म्हणाले, “तिचा चव्वेचाळीस, तुझा त्रेचाळीस. आता रिझल्ट पक्का. पेपर लिहून टाक, तुझ्या नावावर. ती काय, सोडूनच गेली.”

आणि मी “हो सर” म्हणालो.

आता ताईला फोन लावायचाय. आधी काय सांगू — तो कोअर कोरडा होता हे, की आजचं ‘हो सर’? तुला काय वाटतं?